बरगे कोण काढतं? पर्यावरणाच्या कारभारावर पीएच.डी. करू पाहणाऱ्या मुलीला उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही शिरोळ तालुक्यातल्या, वय २६. लोकप्रशासनात एम.ए. झालंय, सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) झालीय, एमपीएससीला दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन परत आलात. आता पीएच.डी. करायची आहे आणि विषय ठरवलाय, 'पंचगंगा नदी प्रदूषण नियंत्रणात शासनाची भूमिका : एक चिकित्सक अभ्यास'. वडील म्हणतात, सहा वर्षं घालवून शेवटी तासिकेवरच शिकवणार ना? तुम्ही विचारताय की यात पोट भरेल का, विषय बरा आहे का, आणि सुरुवात कुठून करू.

मी सत्तावीस वर्षं लोकप्रशासन शिकवतोय. त्यातली वीसएक पाणी आणि प्रदूषण सांभाळणाऱ्या कचेऱ्यांच्या व्हरांड्यात गेली. पोटाचं नंतर बोलू. आधी विषय, कारण तो आहे तसा घेतलात तर वडिलांचं म्हणणं खरं ठरायची शक्यता बरीच आहे.

'शासनाची भूमिका' आणि 'चिकित्सक अभ्यास' या दोन शब्दांवर आमच्या ग्रंथालयांतली कपाटंच्या कपाटं भरलीत. नदी आणि जिल्हा बदलला की नवा प्रबंध तयार. पहिल्या प्रकरणात संकल्पना, दुसऱ्यात कायद्यांची जंत्री, तिसऱ्यात गॅझेटियरमधून उतरवलेला जिल्ह्याचा भूगोल, चौथ्यात दोनशे लोकांची प्रश्नावली, शेवटी शिफारशी. त्यातली पहिली शिफारस बहुतेक वेळा 'लोकजागृती व्हावी' अशी असते. असे प्रबंध मी तपासलेत आणि, खोटं कशाला बोलू, पासही केलेत.

अडचण अशी की शासन नावाचा इसम कुठल्याच टेबलावर बसत नाही. टेबलावर बसतो तो क्षेत्र अधिकारी, शाखा अभियंता, ग्रामसेवक, बारनिशीतला, म्हणजे आवक-जावक नोंदणारा, लिपिक. यातल्या प्रत्येकाला वेगळा कायदा लागतो, वेगळा साहेब असतो आणि वेगळी भीती असते.

तुमच्याच तालुक्यातला तेरवाडचा बंधारा घ्या. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले, पाणी तुंबलेलं, वरून कोल्हापूरचं, इचलकरंजीचं, काठच्या गावांचं सांडपाणी येऊन मिसळतं. पाण्यातला प्राणवायू संपतो आणि एखाद्या सकाळी मेलेल्या माशांचा खच दिसतो. पेपरात फोटो येतो, कार्यकर्ते जमतात, प्रदूषण मंडळाची माणसं येऊन बाटल्यांत नमुने घेऊन जातात. हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असणार. आता एकच प्रश्न विचारा, बरगे कोण काढतं?

बरगे पाटबंधारे खात्याचे. नाव बदलून जलसंपदा झालं तरी लोक पाटबंधारेच म्हणतात. बरगे काढले तर अडवलेलं पाणी जातं, आणि त्या पाण्यावर ऊस उभा असतो. म्हणून उपसा करणाऱ्या पाणीपुरवठा संस्था नको म्हणणार. नाही काढले तर घाण तिथंच कुजते. काढले तर तीच घाण खाली नृसिंहवाडीकडे, कृष्णेत, पुढच्या गावांच्या जॅकवेलला, म्हणजे नळयोजनेचं पाणी उचलायच्या विहिरीला. पाणी नापास आहे हे सांगायचं काम मंडळाचं, पण त्यांना बरग्यांना हात लावता येत नाही. सांडपाणी सोडणाऱ्या महापालिका नगरविकास खात्याच्या. नळयोजना ग्रामपंचायतीची, तिच्यावर देखरेख जिल्हा परिषदेची. बैठक बोलावणार जिल्हाधिकारी, आणि त्यांच्याकडे त्या आठवड्यात अशा डझनभर बैठका. माझा अनुभव असा की शेवटी अशा वेळी निर्णय तोंडी होतो आणि कागद मागाहून तयार होतो. मग विचारा, तो निर्णय कुणी कुणाला सांगितला? कशाच्या आधारावर? नस्तीत टिपणी आधी पडली की नंतर? मासे मेल्याची पहिली तक्रार आवक झाली ती तारीख आणि बरगा हलला ती तारीख यांत किती दिवस गेले? दहा वर्षांत असे प्रसंग किती, आणि दर वेळी तेवढेच दिवस गेले का?

तुमचा विषय हा आहे. त्याला विद्यापीठाला रुचेल असं रुक्ष नाव मार्गदर्शक देतील, ती कला त्यांना येते.

या क्षेत्राबद्दल मला सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळा त्याचा विस्तार. विषय पर्यावरणाचा असला तरी आपला अभ्यास नदीचा नसतो, कचेरीचा असतो. नदी तपासायला रसायनशास्त्रवाले आहेत आणि ते आपल्यापेक्षा फार बरं काम करतात. बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप) म्हणजे काय हे तुम्हाला कळायला हवं, मोजता नाही आलं तरी चालेल. आकडा आल्यावर कागद कुठं जातो, कुठं थांबतो आणि कुणाच्या सहीसाठी थांबतो, हे मात्र तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळता कामा नये.

कागदाचा प्रवास म्हणजे काय ते एका बाटलीवरून सांगतो. १९७४च्या जल कायद्यात कलम २१ आहे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याचा नमुना कोर्टात पुरावा म्हणून चालायचा असेल तर कारखानदाराला नोटीस द्यावी लागते, त्याच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग करावे लागतात, ते सील करून त्यावर सह्या घ्याव्या लागतात. नुसती बाटली भरून आणली तर ती माहिती ठरते, पुरावा नाही. आता एका उपप्रादेशिक कार्यालयात वर्षभरात घेतलेले नमुने काढा. त्यातले किती रीतसर होते, किती नुसते देखरेखीसाठी? नमुना नापास झाल्यावर किती ठिकाणी कारणे दाखवा नोटीस गेली, त्यातल्या किती प्रस्तावित निर्देशांपर्यंत पोचल्या, किती ठिकाणी बँक हमी जप्त झाली, आणि उत्पादन खरोखर बंद किती ठिकाणी झालं? ही उतरंड लावलीत की एका तक्त्यात अख्खं प्रकरण उभं राहतं. आणि यातलं बरंचसं बसल्या जागी मिळतं. कारखान्यांना दिलेली संमतीपत्रं आणि ती देणाऱ्या समित्यांची इतिवृत्तं मंडळाच्या संकेतस्थळावर असतात. वाचत कुणी नाही, कारण ती भयंकर कंटाळवाणी आहेत. या कंटाळ्यावरच माझी निम्मी कारकीर्द उभी आहे.

आकड्यांच्या बाबतीत मात्र सावध राहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यात ५३ महाराष्ट्रातले, देशात सर्वाधिक. २०२२च्या यादीत देशाचे ३११ झाले आणि आपले ५५. आपलं मंडळ १९७० सालचं, म्हणजे केंद्राच्या जल कायद्याच्याही आधीचं. त्यामुळे 'सर्वांत आधी मंडळ, सर्वांत जास्त घाण नद्या' असं वाक्य लिहायचा मोह होतो. मी एका व्याख्यानात ते टाळ्यांसाठी वापरलंही होतं. मागच्या रांगेतल्या एका निवृत्त अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, जिथं मोजायची ठिकाणं जास्त तिथं पट्टे जास्त सापडणार नाहीत का? उत्तर नव्हतं. आकडा सांगताना तो कुणी, किती ठिकाणी, कशासाठी मोजला हे आधी बघायचं, हे मी त्या दिवशी शिकलो. वयाच्या मानाने उशिराच.

कायदा आणि कचेरी यांच्यातलं अंतर बघायचं असेल तर समन्यायी पाणीवाटपाचं प्रकरण वाचा. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ साली झाला. त्याच्या कलम १२(६)(ग) मध्ये खोऱ्यातल्या धरणांनी तूट वाटून घ्यावी असं लिहिलं होतं. काही वर्षं ते कलम पुस्तकात पडून राहिलं. मग २०१२चा दुष्काळ आला, जायकवाडी रिकामं पडलं, लोक कोर्टात गेले, समित्या बसल्या. २०१४ साली प्राधिकरणाने आदेश दिला की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. तेव्हापासून नाशिक-नगर आणि मराठवाडा दोघांचीही नजर त्या एका तारखेवर असते. कायदा तोच होता. दुष्काळाने त्याला हात-पाय दिले आणि आदेशातल्या एका तक्त्याने त्याला धार दिली. हा तक्ता कसा बनला, कुठल्या अभियंत्यांनी कुठल्या धरणाची कुठली आकडेवारी धरली, याचा शोध म्हणजे लोकप्रशासन. दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांची भाषणं गोळा केली तर ते राज्यशास्त्रही धड होत नाही.

पश्चिम घाटाचंही तेच. गाडगीळ समितीचा अहवाल २०११चा, कस्तुरीरंगन गटाचा २०१३चा, आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे २०१४पासून निघत राहिले. जुलै २०२४मध्ये सहावा निघाला, त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र धरलेलं. गाडगीळ बरोबर की कस्तुरीरंगन, यावर ढीगभर लिहिलं गेलंय. पण एखाद्या गावाचं नाव यादीत कसं येतं आणि कसं गळतं, त्यासाठी तहसील कचेरीकडून काय माहिती मागवली जाते, ग्रामपंचायतीचा विरोधाचा ठराव कुठल्या शब्दांत लिहिला जातो, आणि दहा गावांच्या ठरावांची भाषा हुबेहूब सारखी का असते, यावर मला फारसं काही वाचायला मिळालेलं नाही. कुणाला घ्यायचा असेल तर घ्या. माझं वय झालं.

आता कचेरीत शिरायचं कसं. माझी पीएच.डी. नव्वदच्या दशकात एका कालव्यावर झाली. शेजपाळी, म्हणजे कालव्याचं पाणी शेतांना द्यायचा क्रम, कागदावर कशी आहे आणि पाणी खरं कसं फिरतं, असा प्रश्न होता. नियमाप्रमाणे पाणी टेलकडून, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाकडून, वर यायला हवं. शाखा कार्यालयात गेलो, विद्यापीठाचं पत्र दाखवलं. साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, पुढच्या आठवड्यात या. असे तीन आठवडे चहा प्यायलो. चौथ्या आठवड्यात तिथला लिपिक पाणीपट्टीच्या आकारणीच्या बेरजा करत बसला होता, त्या जुळत नव्हत्या आणि साहेब वरून ओरडत होते. मी म्हटलं, आणा, एक रजिस्टर मला द्या. दोन तास बेरजा केल्या. चूक सापडली. दुसऱ्या दिवशी त्याने न मागता कपाट उघडलं. पाणी मागणीचे नमुना सातचे अर्ज, शेजपाळीची पत्रकं, कालवा निरीक्षकाच्या डायऱ्या, सगळं होतं. पत्रकात पाणी टेलला सोमवारी पोचलेलं, डायरीत गुरुवारी. त्या तीन दिवसांवर माझा प्रबंध उभा राहिला.

म्हणून नवे विद्यार्थी पहिल्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात तेव्हा मी त्यांना थांबवतो. तो हक्क आहे, वापरायलाच हवा, पण अर्ज आत गेला की तुम्ही त्या कचेरीच्या दृष्टीने संशोधक राहत नाही, अर्जदार होता. माणसं ताठ होतात. आधी बसा, बोला, नोंदवह्यांची नावं शिका. कारण अर्जात नेमकं काय मागायचं हे त्याशिवाय कळतच नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. 'पंचगंगा प्रदूषणाबाबत सर्व माहिती द्यावी' असं लिहिलंत तर तीस दिवसांनी 'मोघम स्वरूपाची मागणी' असं उत्तर येईल आणि ते चूकही नसेल. 'अमुक बंधाऱ्याच्या बरगे बसवणे-काढणे नोंदवहीची अमुक काळातली पानं' असं लिहाल तर दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पावर सोनं मिळेल. शिवाय २०१८च्या नोव्हेंबरात निघालेला एक शासन निर्णय आहे, जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघायला द्यायचे. अर्जाचीही गरज नाही. अनेक कचेऱ्यांना हा निर्णय आठवत नाही, त्याची प्रत खिशात ठेवा.

क्षेत्रकार्याच्या वह्या मराठीतच लिहा, प्रबंध कुठल्याही भाषेत असो. 'आदेशार्थ सादर' आणि 'अवलोकनार्थ सादर' यांत किती फरक आहे ते एमपीएससीचा अभ्यास केलेल्या माणसाला सांगायला नको. पहिल्यात लिहिणारा निर्णय मागतोय, दुसऱ्यात हात झटकतोय. टिपण मनात परभाषेत उतरवून लिहिलंत की दोन्ही 'फाइल वर पाठवली' एवढंच उरतं. तुमची एमपीएससीची वर्षं वाया गेली असं वडिलांना वाटत असेल तर हे त्यांना वाचून दाखवा. कचेरीची भाषा तुम्हाला आधीच येते, परदेशातून येणाऱ्या संशोधकाला ती शिकायलाच दोन वर्षं लागतात.

एक चूक सांगतो, ती तुम्ही करू नका. माझ्या सुरुवातीच्या एका लेखात मी एका अधिकाऱ्याचं म्हणणं छापलं. नाव दिलं नव्हतं, फक्त पद आणि तालुका. त्या तालुक्यात त्या पदावर एकच माणूस होता हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. त्यांनी मला फोन केला, रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "सर, तुमचा लेख छापून आला, माझी वेतनवाढ अडकली." पुढं ते सुटलं, पण त्या कचेरीत मी परत गेलो नाही. जाऊ शकलो नाही. तेव्हापासून माझ्या वहीत पदसुद्धा नसतं, फक्त खूण असते, आणि खुणांची यादी घरी वेगळी. वाळू, खाणी, बेकायदा भराव अशा विषयांत तर ही काळजी दुप्पट घ्यायची. तिथं बोलणाऱ्याची नुसती वेतनवाढ अडकत नाही.

वाचायचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण एक नाव सांगतोच. एलिनॉर ऑस्ट्रॉम. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी पहिली बाई, आणि मूळची राज्यशास्त्राची. गणित पुरेसं नाही म्हणून तिला अर्थशास्त्राच्या पीएच.डी.ला घेतलं नव्हतं. तिने प्रबंध लिहिला तो लॉस एंजलिसजवळच्या एका भूजल खोऱ्यावर. उपसा वाढला, समुद्राचं खारं पाणी आत शिरू लागलं, तेव्हा तिथले पाणी वापरणारे आणि यंत्रणा एकत्र कसे आले, याचा शोध. एकच खोरं, त्यातली माणसं आणि त्यांचे करार. सामायिक साधनसंपत्तीवरची जगभरची मांडणी नंतर आली. आपल्याकडचा विद्यार्थी ती मांडणी पहिल्या प्रकरणात पाठ म्हणतो आणि तिने काम कसं केलं ते बघत नाही.

तिला वाचाल तेव्हा हेही दिसेल की कारभार फक्त सरकारच करतं असं नाही. धुळ्याकडच्या पांझरा नदीवरच्या फडांत, म्हणजे शेतकऱ्यांनीच चालवलेल्या पाटपाण्याच्या पद्धतीत, पाटकरी, जागल्या, हवालदार हे लोकांचेच नेमलेले. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण त्याच्या कितीतरी वर्षं आधी गावात अभ्यासगट बसत होता, कायदे वाचत होता, आणि निर्णय सर्वसहमतीने होत होते. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सगळ्यांना माहीत आहे. मागे बसलेला अभ्यासगट फार थोड्यांना. तुमच्या पंचगंगेवरही पाणीपुरवठा संस्थांच्या बैठका होत असतील, त्यांची इतिवृत्तं असतील. सरकारी नस्तीइतकंच ते साहित्य महत्त्वाचं, आणि मिळायला सोपं.

आता पोटाचं. वडील जे म्हणतात ते खोटं नाही. कायम जागा सहाय्यक प्राध्यापकाची मिळाली तर सातव्या वेतन आयोगाने मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. पण अनुदानित महाविद्यालयांत भरती तुटपुंजी, आणि दरम्यान तासिका तत्त्वावर शिकवायचं म्हणजे घेतलेल्या तासांचेच पैसे, सुट्टीत शून्य, आणि तेही कधी सहा महिन्यांनी. काही ठिकाणी मुलाखतीआधी कुठली 'चर्चा' होते ते तुम्हालाही माहीत आहे. त्या रांगेत उभं राहायचं की नाही ते आत्ताच ठरवा, पस्तिशीत नव्हे.

आपल्या विषयाची एक वेगळीच गंमत आहे. लोकप्रशासनाचे वर्ग बऱ्याच अंशी स्पर्धा परीक्षांवर चालत आले. यूपीएससीने २०१३मध्ये दोनाचा एकच वैकल्पिक विषय केला, एमपीएससीची मुख्य परीक्षा २०१२पासून वस्तुनिष्ठ झाली आणि वैकल्पिक गेले, तसे आमचे बाक रिकामे होत गेले. आता २०२५पासून वर्णनात्मक पद्धत परत आली आहे, बाक पुन्हा भरतीलही. पण दुसऱ्याच्या अभ्यासक्रमावर आपलं आयुष्य टांगू नये. म्हणून प्रबंध असा लिहा की लोकप्रशासनाबाहेरच्या माणसालाही तो आपला वाटावा. तुमच्या बरग्यांच्या प्रश्नात पाणी आहे, आरोग्य आहे, शहर आहे, कायदा आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत अधिवास अभ्यासाचा विभाग आहे, आयआयटी मुंबईत ग्रामीण तंत्रज्ञानाचं एक आणि धोरण अभ्यासाचं एक अशी केंद्रं आहेत, पुण्यात प्रयास आणि सोपेकॉम यांसारख्या संस्था वीजपाण्याच्या कारभारावर वर्षानुवर्षं काम करतायत, बंगळुरूला एट्री ही पर्यावरणावर संशोधन करणारी संस्था आहे. यशदासारख्या प्रशिक्षण संस्थांना कचेरी आतून माहीत असलेले लोक लागतात. खाजगी विद्यापीठांत सार्वजनिक धोरणाचे अभ्यासक्रम निघालेत. यातल्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पावरच्या, कराराच्या असतात हेही सांगतो. पण तिथं 'कुठल्या विषयात पीएच.डी.' याच्या आधी 'काय काम केलंय' असं विचारतात, आणि तुमच्याकडे सांगायला काहीतरी असेल.

पैशांच्या बाबतीत एक गोष्ट लगेच करा. सेट झाली हे उत्तम, पण सेटला छात्रवृत्ती नाही. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला बसून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती, मिळवा. मर्यादा तीस वर्षांची, महिलांना पाच वर्षांची सवलत आहे, म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे. २०२३पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढं ४२,००० मिळतात. तुमच्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही बघा. पैसे नेहमी वेळेवर येतात असं नाही, तेव्हा सहा महिन्यांचं भाडं गाठीशी ठेवून निघा. छात्रवृत्तीशिवाय पूर्णवेळ पीएच.डी. करू नका असं मी माझ्या मुलीलाही सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही, तो भाग वेगळा.

मार्गदर्शक निवडताना त्यांची प्रकाशनं मोजण्याआधी त्यांच्या शेवटच्या तीन विद्यार्थ्यांना गाठा. किती वर्षं लागली, प्रकरण वाचून परत यायला किती महिने लागले, लेखावर पहिलं नाव कुणाचं होतं, घरची कामं सांगितली का. एवढं विचारलंत की पुरे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, महिलांना वर दोन वर्षांची सवलत. प्रबंधाआधी शोधनिबंध छापायची सक्तीही तेव्हाच गेली. त्यामुळे दोन हजार रुपयांत आठ दिवसांत छापून देणाऱ्या 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिकांचं कारण उरलेलं नाही. तरी त्यांचे मेसेज येतील. माझ्याही फोनवर येतात, 'आदरणीय संशोधक' म्हणून. एक लेख नीट लिहा, वर्षभर घासा, चांगल्या इंग्रजी साप्ताहिकाला पाठवा, आणि त्याच मजकुराचा मराठी लेख तुमच्या जिल्ह्यातल्या पेपरात द्या. माझा असा मराठी लेख ज्या शाखा अभियंत्याने वाचला त्याने पुढच्या वेळी मला स्वतःहून फोन केला होता. इंग्रजी लेखाचा फोन अजून कुणाचा आला नाही.

आता सुरुवात. पावसाळा सरला की ऑक्टोबरात बरगे बसायला लागतील. त्या दिवशी तेरवाडला जाऊन उभ्या राहा. मजूर किती, देखरेखीला कोण, बरगे कुठल्या गोदामातून आले, किती कुजलेले, गळती कुठं, हे सगळं टिपा. तोवर एखाद्या सोमवारी दुपारी तीनला पाटबंधारेच्या कचेरीत जा, शासन निर्णयाची प्रत दाखवा, आणि बरगे काढल्या-घातल्याची नोंदवही आहे का एवढंच विचारा. दाखवली तर तारखा उतरवून घ्या. नाही म्हणाले तर तेही लिहा, तारीख आणि वेळ घालून. कोण म्हणालं ते मात्र वहीत नको.